पैसे मोजले, डिस्क घरात, तरी गेम गेला: खेळाडू नेमके कशावर चिडलेत?

३१ मार्च म्हटलं की आपल्याला बँकेतली गर्दी आणि टॅक्सची कागदपत्रं आठवतात. गाड्यांचे गेम खेळणाऱ्या काही लोकांना मात्र २०२४ सालचा ३१ मार्च वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. त्या दिवशी ‘द क्रू’ नावाच्या गेमचे सर्व्हर बंद झाले आणि त्यांच्याबरोबर गेमही गेला.

फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये आणलेला हा गेम. त्यात अख्खी अमेरिका आटोपशीर करून बसवली होती. न्यूयॉर्कहून निघालं की साधारण पाऊण तासात लॉस एंजेलिस. शर्यती होत्या, एक कथानकही होतं, पण नुसती गाडी काढून भटकायला येणारेही होते. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने तो विक्रीतून काढला, मार्चअखेर सर्व्हर बंद केले आणि एप्रिलमध्ये लोकांच्या खात्यांतून त्या गेमचे परवाने काढून घ्यायला सुरुवात केली. ज्यांनी डिस्क विकत आणली होती त्यांची डिस्क न्यायला अर्थातच कुणी आलं नाही. पण मशीनमध्ये घातली तरी सर्व्हर सापडत नाही म्हणून गेम सुरूच होत नाही. चहाच्या कपाखाली ठेवायला बरी.

गेमच्या जगात आरडाओरडा रोजचाच. हाही दोन-चार आठवड्यांत विरेल असं वाटलं होतं. तो थेट युरोपीय आयोगाच्या दारात गेला, ब्रिटनच्या संसदेत त्यावर चर्चा झाली. हे मी बहिणीला सांगत होतो तेव्हा ती मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “नऊ वर्षं खेळले ना, दादा? मग वसूल झाले की पैसे.”

मी म्हटलं, “तुझा मिक्सरही नऊ वर्षं चालला, वसूल झाला. म्हणून दहाव्या वर्षी कंपनीचा माणूस घरी येऊन तो बंद करून गेला तर चालेल?”

“मिक्सरला वीज माझी लागते,” ती म्हणाली. “तुझ्या गेमला त्यांची.”

या वादातली खरी गाठ तिने एका वाक्यात दाखवली. ती सोडवायची तर आधी सर्व्हर म्हणजे काय ते बघू.

## सर्व्हर म्हणजे एक नंबरची मशीन

आमच्या कॉलेजच्या मागे एका गाळ्यात नेट कॅफे होता. आठ मशीन, तासाला वीस रुपये, पंखा एक आणि तोही मालकाच्या डोक्यावर. लेक्चर बुडवून तिथे ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ चालायचा. एक नंबरची मशीन ‘होस्ट’. बाकी सातजण तिला जोडलेले. गल्ल्यावर बसलेल्या मालकाचा पाय कधीतरी खालच्या प्लगला लागायचा आणि सात खुर्च्यांतून एकदम आवाज उठायचा, “अरे, होस्ट उडाला!”

होस्ट उडाल्यावर आमच्या मशीन धडधाकट असायच्या, गेमही त्यांच्यात असायचा. पण कोण कुठे उभा आहे, कुणाची गोळी कुणाला लागली, कोण मेला, हे सगळं ठरवणारी मशीन एक नंबरची. आमच्या मशीन फक्त चित्र दाखवायच्या आणि कीबोर्डवर काय दाबलं ते तिला कळवायच्या. ती एक नंबरची मशीन म्हणजे सर्व्हर. आज तीच कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असते, एकाच्या जागी शेकडो असतात, एवढंच.

त्या वेळी होस्ट होण्याचा प्रोग्रॅम गेमबरोबरच यायचा. कॅफे पुढे बंद पडला, त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण आमचा गेम त्या कॅफेबरोबर संपला नाही. दोन लॅपटॉप जोडले की आजही घरी होस्ट उभा राहतो.

मधल्या काळात कंपन्यांनी तो प्रोग्रॅम स्वतःकडेच ठेवायला सुरुवात केली. कारणं सगळीच वाईट नव्हती. फसवून खेळणारे आवरता येतात, पायरसीला चाप बसतो, कुणाकडे कोणती गाडी आणि किती नाणी याचा हिशेब एका जागी राहतो. शिवाय ती नाणी विकताही येतात. ‘द क्रू’मध्ये तर एकट्याने कथानक खेळायचं असलं तरी सर्व्हरशी जोडून राहावं लागायचं. म्हणजे घरात एकटेच बसलेलो, आणि होस्ट कुठेतरी परक्या देशात.

## आपण विकत घेतो ते काय?

महाराष्ट्रात भाड्याने घर घेतलेल्या माणसाला ‘लिव्ह अँड लायसन्स’ हे शब्द समजावून सांगायला नकोत. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, नोंदणी. घरात आपण राहतो, स्वयंपाक करतो, सत्यनारायण घालतो, पण घर आपलं होत नाही. आपल्याला मिळालेली असते ती वापरण्याची मुभा. तिलाच लायसन्स म्हणतात. गेम ‘विकत’ घेतला की बहुतेक वेळा हेच मिळतं: वापरण्याचा परवाना.

आता दोन्हीतला फरक बघा. भाडेकरारावर तारीख लिहिलेली असते. घर सोडायचं तर नोटीस किती दिवसांची, तेही लिहिलेलं असतं. जाताना डिपॉझिट परत मिळतं (निदान मिळायला हवं, रंगाचे पैसे कापतात ती गोष्ट वेगळी). आणि कुठलाही घरमालक फ्लॅटच्या दारावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावून आत भाडेकरार सहीला देत नाही. गेमच्या बाबतीत बटणावर ‘खरेदी करा’ असतं, परवाना आत अटींच्या जंजाळात असतो आणि मुदत संपण्याची तारीख कुठेच नसते. फक्त कंपनी सेवा कधीही बंद करू शकते असं एक वाक्य असतं. मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूच्याही मागे भाडे नियंत्रण कायदा उभा असतो. इथे मागे कुणीच नाही.

“अटी वाचून ‘आय ॲग्री’ दाबलंत ना?” असं विचारणारे वकिली बाजूने बरोबर आहेत. पण तारीखच न सांगणाऱ्या कराराला कोणी काय म्हणून हो म्हणायचं, हा प्रश्न उरतोच.

याची थोडीफार दखल घेतली गेली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल, तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’सारखा शब्द वापरता येत नाही. जी वस्तू कायमची उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला यातून सूट आहे. ‘स्टीम’ या संगणकावरच्या सर्वांत मोठ्या गेमच्या दुकानाने तर त्याआधीच, पैसे भरायच्या पानावर आपल्याला परवाना मिळतोय अशी ओळ टाकली. पाटी बदलली. घराचं काय, ते पुढे.

## कंपनीला बंद करावंच का लागतं?

गेम जुना होतो, खेळणारे घटतात, सर्व्हरचं बिल मात्र येत राहतं. सांभाळायला माणसं लागतात, ती पुढच्या गेमवर हवी असतात. धंद्याचं हे गणित समजण्यासारखं आहे. युबिसॉफ्टने ‘द क्रू’साठी दिलेली कारणं दोन होती: सर्व्हरच्या यंत्रणेतले बदल आणि परवान्यांच्या अडचणी. गेममधल्या खऱ्या कंपन्यांच्या गाड्या आणि गाणी हीसुद्धा करारावर घेतलेली असतात. म्हणजे आपण पोटभाडेकरू.

पण परवाना संपला म्हणजे खेळही संपला पाहिजे असं नाही. मायक्रोसॉफ्टचा ‘फोर्झा होरायझन ४’ हाही गाड्यांचाच गेम. परवाने संपत आले तसा १५ डिसेंबर २०२४ ला तो विक्रीतून काढला. ज्यांनी आधी घेतला होता ते अजून खेळतात. नवीन विक्री थांबवणं आणि विकलेली वस्तू निकामी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळं भांडण दुसरीवरून आहे.

सोनीच्या ‘कॉनकॉर्ड’चं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचं. २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आला, ६ सप्टेंबरला बंद. जेमतेम पंधरवडा, आपल्याकडे पितृपक्ष तेवढा चालतो. पण गेम घेतलेल्या प्रत्येकाचे पैसे सोनीने परत केले, म्हणून लोकांनी थट्टा केली, फसवणूक म्हटली नाही. ज्या स्टुडिओने तो बनवला तो पुढच्याच महिन्यात बंद करण्यात आला. तिथल्या लोकांच्या नोकऱ्यांबद्दल मात्र थट्टा करणाऱ्यांपैकी थोडेच बोलले.

## “मग काय जन्मभर सर्व्हर चालवायचा?”

एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची मोहीम सुरू केली. तिच्यावरचा सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप हाच, बहिणीचाच. वीज त्यांची, तर बटणही त्यांच्या हातात.

मोहिमेची मागणी नीट वाचली तर तिच्यात जन्मभर काही नाही. कंपनीने पाठिंबा हवा तेव्हा थांबवावा. गेमची मालकी नको, हक्क नकोत, त्यातून पैसे कमावण्याची मुभा नको, बंद केल्यानंतर कंपनीने एक पैसाही खर्च करावा अशी अपेक्षा नाही. फक्त जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. एकट्याचा गेम असेल तर इंटरनेटशिवाय चालू दे, अनेकांचा असेल तर होस्ट होण्याचा मार्ग दे. थोडक्यात, एक नंबरची मशीन आम्ही मांडतो, वीज आम्ही भरतो, तुम्ही प्लग तेवढा ठेवून जा.

असं आधी झालेलं आहे. ‘नॉकआउट सिटी’ हा चेंडूफेकीचा गेम बनवणाऱ्या वेलन स्टुडिओजने जून २०२३ मध्ये अधिकृत सर्व्हर बंद केले आणि त्याच वेळी संगणकावर स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती लोकांना दिली. दक्षिण कोरियाच्या एनसीसॉफ्टने ‘सिटी ऑफ हीरोज’ २०१२ च्या नोव्हेंबरअखेर बंद केला होता. चाहत्यांनी तो आधी गुपचूप, मग उघडपणे चालवला आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनेच त्यांच्यातल्या ‘होमकमिंग’ या गटाला रीतसर परवाना दिला. आकाश कोसळलं नाही.

युरोपीय संघात नागरिकांना आयोगाकडे मागणी नेण्याची एक अधिकृत वाट आहे: वर्षभरात दहा लाख सह्या, आणि किमान सात देशांत ठरलेला किमान आकडा. या मोहिमेच्या सह्या ३१ जुलै २०२४ ला सुरू झाल्या. जवळपास अकरा महिने झाले तरी निम्मा पल्लाही गाठला नव्हता. मग एका लोकप्रिय स्ट्रीमरने (म्हणजे गेम खेळताना लाइव्ह दाखवणाऱ्याने) मोहिमेवर केलेल्या जुन्या टीकेला स्कॉटने जून २०२५ मध्ये व्हिडिओतून मुद्देसूद उत्तर दिलं, आणि इतका वेळ बाजूला उभे असलेले लोकही या भांडणात ओढले गेले. ३ जुलैला दहा लाख पार. महिनाअखेर १४ लाखांच्या वर, आणि तपासणीत सुमारे १३ लाख सह्या वैध ठरल्या. भांडणाने कामं बिघडतात असं आपण म्हणतो, इथे भांडणानेच काम केलं.

ब्रिटनमध्ये स्वतंत्र याचिका होती. तिथे एक लाखाचा टप्पा ओलांडल्यावर ३ नोव्हेंबर २०२५ ला चर्चा झाली. खासदारांनी सहानुभूती दाखवली, सरकारने कायदा बदलण्याचा विचार नसल्याचं सांगितलं.

## “हे बोलायला सोपं, करायला अवघड”

हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. आजचा सर्व्हर नेट कॅफेतल्या एका मशीनसारखा नसतो. लॉगिनचा एक प्रोग्रॅम, खेळाडूंच्या जोड्या लावणारा दुसरा, नाण्यांचा हिशेब ठेवणारा तिसरा, आणि त्यांतले काही तर बाहेरच्या कंपन्यांकडून परवान्यावर घेतलेले. ते लोकांना वाटता येत नाहीत. युरोपातल्या गेम कंपन्यांच्या ‘व्हिडिओ गेम्स युरोप’ या संघटनेने जुलै २०२५ मध्ये हेच मांडलं. खाजगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षा, बेकायदा मजकूर काढणं ही जबाबदारी कोण घेणार? आणि काही गेम मुळातच ऑनलाइन म्हणून बांधलेले असतात, त्यांना वेगळं करायचा खर्च परवडणारा नाही.

जुन्या गेमबद्दल हे बऱ्याच अंशी खरं आहे. चार मजली जुन्या इमारतीत लिफ्ट बसवायची म्हटलं तर सोसायटीच्या मीटिंगा वर्षभर चालतात. जागा नाही, तळमजल्यावाले पैसे द्यायला तयार नाहीत, बाहेरून बसवली तर कुणाची तरी खिडकी जाते. पण नव्या इमारतीच्या नकाशात लिफ्टची जागा आधीच सोडली तर? मोहीमवाले म्हणतात की नियम मागच्या गेमना लावू नका, पुढच्यांना लावा. शेवट कसा करायचा हे पहिल्या दिवशी ठरवा. असा नियम आला तर लहान स्टुडिओंवर थोडा भार पडेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. बाहेरचे प्रोग्रॅम विकणाऱ्यांनाही आपले करार बदलावे लागतील.

आणि ‘अशक्य’ हा शब्द जरा जपून वापरलेला बरा. आरडाओरड्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये युबिसॉफ्टनेच जाहीर केलं की ‘द क्रू २’ आणि ‘मोटरफेस्ट’ या पुढच्या दोन गेमना ऑफलाइन खेळण्याची सोय देऊ. ‘द क्रू २’मध्ये ती २०२५ च्या ऑक्टोबरात आलीसुद्धा. पहिल्या गेमच्या वाट्याला मात्र काही आलं नाही.

## “फॅन लोक काय, नेहमीच ओरडतात”

ओरडतात, आणि कधीकधी अर्धवट ऐकून ओरडतात. जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे ‘द क्रू’ दुकानातून गेल्यावर आणि सर्व्हर बंद व्हायच्या आधी, युबिसॉफ्टच्या सबस्क्रिप्शन विभागाच्या प्रमुखाची मुलाखत आली. गेम आपल्या मालकीचा नसण्याची लोकांना सवय व्हावी लागेल, अशा अर्थाचं वाक्य त्यात होतं. तो बोलत होता ते मासिक वर्गणीचे गेम वाढायला काय लागेल याबद्दल. पण ते वाक्य सुटं होऊन जगभर फिरलं, जणू कंपनी विकत घेतलेल्या गेमबद्दलच ताकीद देत होती. वेळ मात्र कंपनीची चुकलीच. घर रिकामं करायची नोटीस लावल्यावर भाडेकरूला ‘मालकीचा मोह बरा नव्हे’ असं ऐकवण्यातला प्रकार.

त्यातूनच एक घोषणा निघाली: विकत घेणं म्हणजे मालकी नसेल, तर पायरसी म्हणजे चोरीही नाही. टाळ्या मिळवणारं वाक्य आहे, कायद्यात टिकणार नाही.

चाहत्यांच्या हातातलं नेहमीचं हत्यार म्हणजे ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’, गेमच्या पानावर हजारोंनी एकदम वाईट शेरे लिहिणं. मे २०२४ मध्ये सोनीने आणलेला ‘हेलडायव्हर्स २’ हा गेम संगणकावर खेळणाऱ्यांना सोनीचं खातं सक्तीचं होणार असं जाहीर झालं. अनेक देशांत ते खातं उघडताच येत नाही, म्हणजे तिथल्या लोकांनी पैसे भरलेला गेम बाद. दोन लाखांहून जास्त वाईट शेरे पडले आणि तीन-चार दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला. मारा मात्र तो गेम बनवणाऱ्या स्वीडनमधल्या स्टुडिओच्या पानावर झाला. शिव्या खातो तो काउंटरवरचा कारकून, निर्णय घेणारा साहेब वरच्या मजल्यावर, हे आपल्यालाही नवीन नाही.

मला ‘स्टॉप किलिंग गेम्स’ वेगळी वाटते ती इथे. तिने शेरे मागितले नाहीत, नाव-पत्त्यासकट सह्या मागितल्या. आणि ‘आमचा गेम परत द्या’ यापेक्षा ‘पुढच्याचा शेवट आधी ठरवा’ ही मागणी केली. रागाला अर्ज करता आला.

## आपल्याकडे याचं काय?

पबजी आठवत असेल. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात ‘पबजी मोबाइल’ होता. ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद झाले. जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतासाठीची आवृत्ती ‘बीजीएमआय’ आली, पण ती २८ जुलै २०२२ ला ॲपच्या दुकानांतून गेली, मे २०२३ मध्ये परतली. ते निर्णय सरकारचे होते, स्टुडिओचे नव्हेत, त्यामुळे तुलना अर्धीच लागू पडते. पण पॉकेटमनीतून घेतलेले बंदुकांचे रंग आणि कपडे एका सकाळी हाताबाहेर जाणं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या पोरांना युरोपातल्यांच्या आधी कळलं होतं. ‘बीजीएमआय’ने काही काळ जुन्या खात्यातला माल नव्यात आणायची सोय दिली, म्हणून ते थोडक्यात निभावलं.

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं आहेत. पण विकलेला गेम निकामी करण्याबद्दल वेगळा नियम नाही. तोवर घेण्याआधी एवढं बघता येतं: एकट्याने खेळायलाही इंटरनेट सक्तीचं आहे का? असेल तर ती भाड्याची खोली समजून पैसे मोजा. ‘गॉग’सारख्या दुकानात गेमची पूर्ण फाइल उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येते. ती कुणी परत नेऊ शकत नाही.

आणि ‘द क्रू’? चाहत्यांच्या एका गटाने मूळ सर्व्हर कसा बोलायचा याचा माग काढत स्वतःचा सर्व्हर लिहिला. ‘द क्रू अनलिमिटेड’ या नावाने तो सप्टेंबर २०२५ मध्ये खुला झाला. कंपनीची परवानगी नाही, कायद्याच्या दृष्टीने ते कुठे बसतं यावर वकील खल करतील. ज्यांच्याकडे जुना गेम होता त्यांनी तो पुन्हा मशीनवर चढवला. बहिणीला हे सांगितलं तेव्हा मेथी निवडून झाली होती. तिने एकच विचारलं, “विजेचं बिल कोण भरतं?”

“तेच लोक,” मी म्हटलं.

“मग ठीक आहे,” म्हणाली आणि देठांचा कागद गुंडाळून उठली.